एकच पाणी आहे, कधी देऊ? : सुकत्या मातीत झाड पाणी कसं वापरतं आणि ते कसं मोजायचं

(जाहीर व्याख्यानाचं शब्दांकन. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न दिले आहेत.)

आजच्या विषयाची सुरुवात एका प्रश्नापासून करू. हा प्रश्न आम्हाला मुळशी तालुक्यातल्या रिहे गावात एका शेतकरी काकांनी विचारला होता. भाताची कापणी, झोडणी उरकली होती. रिकाम्या खाचरात त्यांनी हरभरा टाकला होता आणि तो चांगला उगवून आला होता. काका म्हणाले, "विहिरीत या दहा गुंठ्याला एकच पाणी पुरंल. दोन नाही. आता सांगा, कधी देऊ?"

आम्ही वनस्पतिशास्त्र शिकवणारी मंडळी. पर्णरंध्रं, बाष्पोत्सर्जन, मूळदाब हे सगळं फळ्यावर नीट समजावून सांगतो. पण या साध्या प्रश्नाला आमच्याकडे धड उत्तर नव्हतं. "पिकाला ताण पडला की द्या," असं आम्ही म्हणालो. काकांनी लगेच विचारलं, "ताण पडला हे मला कधी कळणार? पानं मलूल झाल्यावर ना? तवर उशीर झालेला असतो."

काकांचं म्हणणं बरोबर होतं. किती बरोबर, ते आम्हाला कुंड्या आणि वजनकाटा घेऊन बसल्यावर कळलं. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर आहे.

पावसाच्या गावात पाण्याचा प्रश्न

मुळशी म्हटलं की धो धो पाऊस आठवतो, आणि ते खरंच आहे. पश्चिमेला ताम्हिणीच्या बाजूला तो प्रचंड पडतो, पूर्वेकडे यावं तसा कमी होत जातो. पण जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येऊन जातो. ऑक्टोबरनंतर आभाळ कोरडं. मग भातानंतरचा हरभरा, वाल किंवा मसूर जगतो कशावर? खाचरात मागे राहिलेल्या ओलीवर.

ही ओल म्हणजे बँकेतली शिल्लक समजा. नवीन भरणा होणार नाही, रोज फक्त काढायचं आहे. त्यात अडचण अशी, की उताराच्या बऱ्याच खाचरांत मातीचा थर फार खोल नसतो, खाली मुरूम लागतो. म्हणजे खातंही लहान.

आता मुख्य प्रश्न. शिल्लक कमी होत जाते तसा झाडाचा खर्च कसा बदलतो? पाणी संपेपर्यंत झाड सारखंच पीत राहतं आणि मग एकदम कोलमडतं का? की पहिल्या दिवसापासून थोडं थोडं कमी करत जातं? की काही काळ बिनधास्त खर्च करून एका ठरावीक टप्प्यावर हात आखडतं?

या तीन शक्यतांवर शास्त्रज्ञांनी कित्येक दशकं वाद घातला आहे.

कुंडीचं वजन करणारा धर्मोपदेशक

झाड किती पाणी पितं हे मोजायची कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये स्टीफन हेल्स नावाचे एक धर्मोपदेशक होते. १७२४ साली त्यांनी कुंडीतलं सूर्यफुलाचं एक झाड घेतलं, कुंडीच्या तोंडावर शिशाचा पातळ पत्रा बसवला आणि जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा दिवस त्या कुंडीचं वजन केलं. पत्र्यामुळे मातीतून थेट वाफ जाणं बंद झालं. वजन जे घटेल ते झाडातून गेलेलं पाणी. बारा तासांच्या दिवसात सरासरी वीस औंस, म्हणजे साधारण ५७० ग्रॅम पाणी त्या एका झाडाने हवेत सोडलं. हेल्स यांचं पुस्तक १७२७ मध्ये आलं. आज आपण जी पद्धत बघणार आहोत तिचा गाभा हाच आहे: तोंड झाका आणि वजन करा.

आपल्याकडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बिहारमधल्या पुसा इथे जे. वॉल्टर लेदर यांनी कुंड्यांमध्ये पिकं वाढवून त्यांची पाण्याची गरज मोजली. कोरडवाहू शेतीच्या शास्त्रीय अभ्यासाची सुरुवात तर पुण्याच्या उशाशी, मांजरीत झाली, १९२३ मध्ये. पुढे १९३३ मध्ये सोलापुरात संशोधन केंद्र उभं राहिलं. या कामाशी जोडलेलं एन. व्ही. कानिटकर यांचं 'ड्राय फार्मिंग इन इंडिया' हे पुस्तक १९४४ चं. म्हणजे पुणे-सोलापूरच्या पट्ट्यात हा विषय शंभर वर्षांचा आहे.

वाद मात्र तिकडे अमेरिकेत रंगला. कॅलिफोर्नियातले व्हाइमेयर आणि हेन्ड्रिक्सन यांचं म्हणणं असं, की वाफशापासून कोमेजबिंदूपर्यंत मातीतलं सगळं पाणी झाडाला सारख्याच सहजतेने मिळतं. दुसरी बाजू म्हणायची, की माती सुकेल तसं पाणी काढणं अवघड होत जातं. १९६२ मध्ये डेनमीड आणि शॉ यांनी मक्यावर प्रयोग करून दाखवलं, की हे हवेवरही अवलंबून असतं. ढगाळ, दमट दिवशी माती बरीच सुकेपर्यंत मका आरामात पाणी पीत राहतो. पण कडक उन्हाच्या, कोरड्या हवेच्या दिवशी माती बऱ्यापैकी ओली असतानाच त्याचा वापर घटायला लागतो.

नीट बघितलं तर दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात काहीतरी तथ्य होतं. भांडण मिटवायला सर्वांनी एकाच पद्धतीने मोजणं गरजेचं होतं.

आता प्रत्यक्ष मोजू या

ही पद्धत पुढे अनेकांनी घासूनपुसून घेतली. टी. आर. सिंक्लेअर आणि एम. एम. लडलो यांचा १९८६ मधला अभ्यास यात नेहमी सांगितला जातो. त्यांनी निवडलेली चार पिकं होती सोयाबीन, चवळी, उडीद आणि तूर. चारही आपल्याच बांधावरची!

साहित्य घरातलंच लागतं: सारख्या आकाराच्या दहा-बारा कुंड्या, एकसारखी चाळलेली माती, प्लास्टिकच्या पिशव्या, सुतळी आणि पाच-दहा किलोपर्यंत ग्रॅममध्ये दाखवणारा वजनकाटा. आणि वही, ती फार महत्त्वाची.

पहिली पायरी. प्रत्येक कुंडीत सारख्या वजनाची माती भरायची, एकच रोप ठेवायचं आणि तीन-चार आठवडे भरपूर पाणी देऊन वाढवायचं.

दुसरी पायरी. एका संध्याकाळी सगळ्या कुंड्या तुडुंब भिजवायच्या आणि रात्रभर निथळू द्यायच्या. सकाळी जी ओल राहील ती त्या मातीची धारणक्षमता. शेतात आपण ज्याला वाफसा म्हणतो त्याच्या जवळपासची ही स्थिती. मग पिशवीने कुंडीचं तोंड झाकून खोडाभोवती हलकं बांधायचं आणि वजन करायचं. हे सुरुवातीचं वजन.

तिसरी पायरी. कुंड्यांचे दोन गट करायचे. अर्ध्या 'ओल्या' कुंड्या, त्यांना रोज गेलेलं पाणी परत द्यायचं. बाकीच्या 'सुकत्या' कुंड्या. रोज ठरलेल्या वेळी प्रत्येक कुंडीचं वजन करायचं. कालच्या आणि आजच्या वजनातला फरक म्हणजे त्या दिवशीचा पाण्याचा वापर. झाड स्वतः दिवसाला जे काही ग्रॅम वाढतं ते पाण्याच्या मानाने इतकं थोडं असतं, की सोडून दिलं तरी चालतं.

इथे एक गोष्ट आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. पहिल्या वेळी आम्ही सुकत्या कुंड्यांना पाणी देणं एकदम बंद केलं. लहान कुंड्या, मोठी झाडं. चार दिवसांत सगळा खेळ खलास! शेतात इतक्या झपाट्याने माती सुकत नाही, आणि झाडाला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. म्हणून सुकत्या कुंडीलाही थोडं पाणी परत द्यायचं. समजा १६० ग्रॅम गेलं तर ९० ग्रॅम परत, म्हणजे दिवसाची निव्वळ घट ७० ग्रॅमच्या वर जाऊ द्यायची नाही. मग सुकण्याचा प्रवास दोन आठवडे चालतो आणि मधले टप्पे दिसतात.

दुसरी ठेच अवकाळी पावसाची. एका रात्री सर आली, कुंड्या उघड्यावर होत्या, पिशवीच्या फटीतून पाणी आत गेलं. आठ दिवसांची मेहनत एका सरीत वाहून गेली. वर पत्रा किंवा पारदर्शक कागद हवाच.

दोनदा भागाकार कशासाठी?

आता हिशोब. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून गोल घेतले आहेत.

आज सुकत्या कुंडीने १६० ग्रॅम पाणी वापरलं. हे जास्त की कमी? नुसत्या आकड्यावरून काहीच कळत नाही. कदाचित आज ढगाळ असेल, म्हणून वापर कमी असेल. म्हणून बाजूच्या ओल्या कुंड्यांकडे बघायचं. त्यांना पाण्याची ददात नाही, त्यामुळे त्यांचा वापर म्हणजे आजच्या हवेची मागणी. समजा त्यांची सरासरीही १६०. मग १६० भागिले १६०, गुणोत्तर १. म्हणजे ताण नाही, सगळं ठीक?

थांबा. हे झाड मुळात मोठं असेल तर? माती ओली होती त्या पहिल्या तीन दिवसांची वही काढा. तेव्हा हे झाड ओल्या कुंड्यांच्या सरासरीच्या सव्वापट पाणी पीत होतं, गुणोत्तर १.२५. म्हणजे त्याची 'नेहमीची चाल' १.२५ आहे. आज ते १ वर आलंय. म्हणून दुसरा भागाकार: १ भागिले १.२५, बरोबर ०.८. म्हणजे या झाडाने वीस टक्के वापर आधीच कमी केलाय, आणि पानं बघून कुणालाही शंका येणार नाही!

पहिल्या भागाकाराने हवामान बाजूला काढलं, दुसऱ्याने झाडाचा आकार. उरलं ते फक्त मातीच्या सुकण्याला झाडाने दिलेलं उत्तर.

आता दुसरी बाजू, मातीत शिल्लक किती? सुकत्या झाडाचा वापर नेहमीच्या दहा टक्क्यांच्याही खाली गेला, म्हणजे दुसऱ्या भागाकाराचं उत्तर ०.१ च्या आत आलं, की प्रयोग संपला असं धरायचं. त्या वेळचं कुंडीचं वजन हे शेवटचं वजन. समजा सुरुवातीला कुंडी ५,००० ग्रॅम होती आणि शेवटी ३,८०० ग्रॅम. म्हणजे झाडाला या मातीतून काढता येण्यासारखं पाणी १,२०० ग्रॅम. मातीत अजूनही पाणी आहे, पण ते मातीच्या कणांनी इतकं घट्ट धरलंय की झाडाच्या कामाचं नाही. ज्या दिवशी कुंडी ४,२८० ग्रॅम भरली, त्या दिवशी शिल्लक ४८०. ४८० भागिले १,२००, म्हणजे ०.४. चाळीस टक्के शिल्लक.

ही कल्पना फार उपयोगाची आहे, कारण इथे शिल्लक झाडाच्या नजरेतून मोजली जाते. माती काळी असो, तांबडी असो की रेताड, शंभर टक्के म्हणजे वाफसा आणि शून्य म्हणजे झाडाचा वापर जवळपास थांबला ती स्थिती. त्यामुळे वेगवेगळ्या मातींची तुलना एकाच पट्टीवर करता येते.

आलेखावर काय दिसतं?

आडव्या अक्षावर मातीतली शिल्लक, उभ्या अक्षावर झाडाचा वापर. आलेख शंभर टक्क्यांपासून डावीकडे वाचत या. बराच काळ रेघ सपाट जाते. शिल्लक ऐंशी टक्के, सत्तर, साठ, आणि झाडाच्या वापरात काहीही फरक नाही. मग एका बिंदूपाशी रेघ वाकते आणि तिथून जवळजवळ सरळ उताराने शून्याकडे जाते. तो वाकण्याचा बिंदू म्हणजे उंबरठा. बऱ्याच पिकांमध्ये तो तीस ते चाळीस टक्के शिल्लक असताना येतो. काही पिकांत, काही वाणांत तो अलीकडे-पलीकडे सरकतो.

म्हणजे आपल्या तीन शक्यतांपैकी तिसरी खरी. झाड पाणी संपेपर्यंत वाट बघत नाही, आणि पहिल्या दिवसापासून काटकसरही करत नाही. दोन-तृतीयांश शिल्लक खर्च होईपर्यंत ते निवांत असतं. मग हात आखडतं.

कशाने आखडतं? पानांवर पर्णरंध्रं असतात, सूक्ष्म दारंच ती. माती सुकायला लागली की मुळांना पाणी ओढणं जड जातं, अ‍ॅब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक वाढतं आणि दारं मिटू लागतात. पण त्याच दारातून कार्बन डायऑक्साइड आत येतो. दार मिटलं की पाणी वाचतं आणि अन्न तयार होणंही घटतं. उंबरठा ओलांडल्याच्या दिवसापासून पीक उपाशी राहायला लागतं. पान मात्र अजून हिरवंगार आणि ताठ दिसतं, कारण पाणी वाचवण्याचा उपाय यशस्वी झालेला असतो!

काकांचं म्हणणं इथे सिद्ध होतं. पान मलूल दिसेपर्यंत थांबणं म्हणजे उशीर करणं. त्यातही, भर दुपारी पानांनी माना टाकणं वेगळं, ते ओल्या मातीतही होतं आणि संध्याकाळी पानं सावरतात. पहाटेही माना खालीच असतील तर परिस्थिती फार पुढे गेलेली असते.

अंथरूण पाहून पाय पसरणारा हरभरा

मग चांगलं झाड कोणतं, लवकर हात आखडणारं की उशिरापर्यंत पिणारं? याचं एकच उत्तर नाही. खरिपात पावसाने दहा दिवस ओढ दिली आणि मग तो परत येणार असेल, तर बिनधास्त पिणारं झाड फायद्यात राहतं, त्याची वाढ थांबत नाही. पण रब्बीत, जिथे पुढे पाऊसच नाही, तिथे अंथरूण पाहून पाय पसरावे लागतात.

याचा सुंदर पुरावा हैदराबादजवळच्या पाटणचेरूमधल्या इक्रिसॅट या संस्थेतल्या कामातून मिळाला. झमान-अल्ला, जेन्किन्सन आणि वादेझ यांनी २०११ मध्ये हरभऱ्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुंड्यांऐवजी उंच नळ्या, त्यात शेतासारखी खोल माती, आणि नळीसकट झाडाचं वजन. अपेक्षा अशी असते, की दुष्काळात तगणाऱ्या हरभऱ्याची मुळं जास्त खोल किंवा जास्त दाट असतील. पण खरा फरक निघाला तो खर्चाच्या पद्धतीत. तगणारे वाण सुरुवातीच्या वाढीच्या काळात पाणी जपून वापरत होते. त्यामुळे फुलोऱ्यानंतर, घाटे भरायच्या वेळी, त्यांच्याकडे शिल्लक होती. न तगणाऱ्यांनी आधीच उधळपट्टी केली होती.

म्हणजे एकूण पाणी किती मिळालं याइतकंच ते कधी मिळालं हेही महत्त्वाचं. काकांच्या "कधी देऊ?" या प्रश्नाचं उत्तर हरभऱ्याने स्वतःच देऊन ठेवलं होतं.

कुंडीतून खाचरात

आता हे रिहे गावातल्या खाचरात नेऊ. पुन्हा गोल आकडे घेतो. समजा तिथे झाडाच्या कामाची माती ४० सेंटिमीटर खोल आहे आणि दर १० सेंटिमीटरला १२ मिलिमीटर उपयोगी पाणी धरते. एकूण ४८ मिलिमीटर. पूर्ण वाढलेलं पीक रोज ३ मिलिमीटर वापरतं असं धरू. उंबरठा चाळीस टक्क्यांवर, म्हणजे साठ टक्के, सुमारे २९ मिलिमीटर, बिनधास्त खर्च. साडेनऊ दिवसांत पीक उंबरठ्यावर येतं.

आता मंगळवेढ्याकडची खोल काळी जमीन घ्या, मालदांडी ज्वारीचा मुलूख. समजा एक मीटर खोली आणि २०० मिलिमीटर उपयोगी पाणी. साठ टक्के म्हणजे १२०. रोज ३ प्रमाणे चाळीस दिवस! उंबरठा तोच, रोजचा खर्च तोच. फरक फक्त खात्याच्या आकाराचा. म्हणूनच तिकडे ज्वारी नुसत्या ओलीवर कणीस भरू शकते आणि इकडे धो धो पावसाच्या तालुक्यात हरभरा महिन्याभरात पाणी मागतो.

लिटरमध्ये बघायचं तर एका गुंठ्यावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण १०१ लिटर. उंबरठ्याजवळ असताना गुंठ्याला २९ मिलिमीटरची, म्हणजे सुमारे २,९०० लिटरची जागा रिकामी झालेली असते. दहा गुंठ्याला २९,००० लिटर. हेच पाणी वीस दिवस आधी, माती अजून भरलेली असताना दिलं तर? खात्यात जागाच नाही. बरंचसं पाणी मुरुमात उतरून जाईल. शिवाय हरभरा नुसता पाल्यावर जाईल, उभळेल, आणि वाढलेला पाला पुढे आणखी पाणी मागेल.

लवकर दिलं तर पाणी वाया, उशिरा दिलं तर फुलं वाया. त्या दोन चुकांच्या मध्ये एक छोटी खिडकी आहे. शिल्लक चाळीस टक्क्यांकडे आलेली असावी आणि पीक फुलोऱ्यात किंवा घाटे धरायच्या सुमारास असावं. दोन्ही जुळलं की तेच पाणी सगळ्यात मोलाचं.

पहिल्या वर्षी आम्ही काकांना दिलेला सल्ला चुकीचा होता हे इथे कबूल केलं पाहिजे. आम्ही पानं सकाळी मलूल दिसेपर्यंत थांबवलं. पाणी दिल्यावर शेत पुन्हा हिरवं झालं, आम्हाला बरं वाटलं. पण बरीच फुलं गळून गेली होती, कित्येक घाटे पोचट निघाले. काका काही बोलले नाहीत. आम्हाला मात्र ती काढणी विसरता आली नाही, म्हणून कुंड्या मांडल्या.

पुढच्या हंगामात आम्ही खाचराच्या कडेला त्याच मातीच्या कुंड्यांत हरभरा लावला, उंबरठा मोजला. शेतात मात्र काकांनी त्यांची जुनी पद्धत वापरली. कुदळीने वीतभर खणायचं, माती मुठीत दाबायची. घट्ट लाडू वळला तर अजून पाणी आहे. लाडू वळतो पण बोटाने ढोसला की फुटतो, तर वेळ जवळ आली. वळतच नाही तर उशीर झाला. कुंड्यांचा आलेख आणि काकांची मूठ यांची सांगड घातल्यावर पाणी कधी द्यायचं यावर आमचं आणि त्यांचं एकमत झालं. पानं तेव्हा अगदी टवटवीत होती. बांधावरून जाणारे विचारत होते, "एवढं हिरवंगार आहे, आत्ताच पाणी कशाला?" काका म्हणाले, "त्याला तहान लागलीया. फक्त अजून सांगत नाही."

आमच्या अख्ख्या व्याख्यानाचा सारांश त्या एका वाक्यात आहे. झाड सांगायच्या आधी ते ऐकायचं असेल तर वजन करावं लागतं, किंवा माती हातात घ्यावी लागते.

श्रोत्यांचे प्रश्न

*बाजारात मातीची ओल दाखवणारी यंत्रं मिळतात. ती घेतली तर कुंड्या कशाला?*

यंत्र मातीत पाणी किती हे सांगतं. त्या आकड्याला तुमच्या पिकाचा उंबरठा आला की नाही हे ते सांगत नाही. कुंड्यांचा प्रयोग एकदा करून उंबरठा कळला, की मग यंत्राचा आकडा अर्थपूर्ण होतो. आणि यंत्र मुळांच्या खोलीवर पुरलेलं हवं, वरवर खुपसलेलं नको.

*एका ताईंचा प्रश्न: कुंडीचं तोंड तुम्ही झाकलंत. शेतात तर माती उघडी असते. मग हिशोब चुकत नाही का?*

चुकतो, म्हणूनच तो प्रश्न महत्त्वाचा. शेतात खात्यातून दोघं पैसे काढतात, पीक आणि ऊन. पिकाने काढलेल्यातून दाणा मिळतो, उन्हाने काढलेल्यातून काहीच नाही. "एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी" असं जुने लोक म्हणतात ते यासाठीच. कोळपणीने वरची माती मोकळी होते, भेगा बुजतात, तण जातं. भाताचा पेंढा किंवा पालापाचोळा अंथरला तरी तेच काम होतं. ती आमच्या प्रयोगातली पिशवीच समजा.

*भाताचंही असंच असतं का?*

तत्त्व तेच, पण भात लाडावलेला आहे. त्याची मुळं उथळ, सवय साचलेल्या पाण्याची. माती बऱ्यापैकी ओली असतानाच त्याला ताण जाणवू लागतो, पानं सुरळीसारखी गुंडाळतात. ऑगस्टमध्ये पावसाने उघडीप दिली की भात उत्पादक हवालदिल होतात ते उगीच नाही.

*शाळेत मुलांकडून हा प्रयोग करून घेता येईल का?*

जरूर. चवळी किंवा हरभरा घ्या, आठ कुंड्या पुरेत. वजन रोज एकाच वेळी करायचं, सुट्टीच्या दिवशीही. मुलं यात भागाकार शिकतात, आलेख शिकतात आणि हिरवं दिसणारं झाड तहानलेलं असू शकतं हेही शिकतात. फक्त कुंड्यांवर आडोसा घाला. अवकाळीची सर शाळेची सुट्टी बघून येत नाही.